तिला बी.एड. का करायचं होतं?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान नुकताच संपला होता. आमच्या परंदवडीतल्याच एक खाला संध्याकाळी आपल्या मुलीला घेऊन घरी आल्या. मुलगी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, मानसशास्त्रात एम.ए. झालेली. चार वर्षं पिंपरी-चिंचवडकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून नोकरी करत होती. रोज सकाळी डबा घेऊन लोकल पकडायची, ते मी पाहत होते. पण ती तिथे नेमकं काय करते, हे कधी विचारलं नव्हतं. गावात तर “पागलखान्यात कामाला आहे” असंच म्हणायचे.

खालांनी चहाचा कप हातात घेण्याआधीच सुरुवात केली. “आपा, तुमीच समझाव इसको. अच्छी नौकरी छोडके अब टीचर बनना बोलती.” आणि पुढच्याच वाक्यात, “वैसे पागलों में बैठने से बच्चों में बैठना अच्छा च है, पन फिर से दो साल पढाई? शादी कब करना इसका?”

आई तक्रार करतेय की पाठिंबा देतेय, मला कळेना. मुलगी शांत बसून होती. मी तिला विचारलं, “का गं, कंटाळलीस का तिथे?”

ती म्हणाली, “कंटाळले नाही आपा. उशीर होतो.”

मला वाटलं, लोकलला उशीर होतो म्हणतेय. तर ती सांगायला लागली. केंद्रात येणारा माणूस तीस-पस्तीस वर्षांचा असतो. दारूने लिव्हर गेलेलं, नोकरी गेलेली, बायको माहेरी. तो बोलायला लागला की हळूहळू मागे जातो. लग्न, पहिली नोकरी, कॉलेज. आणि जवळजवळ प्रत्येकाची गोष्ट जाऊन थांबते ती सातवी-आठवीच्या वर्गात. वडील वारले तेव्हा कुणी काही विचारलं नाही. वाचता येत नव्हतं म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं. घरी मार खाऊन शाळेत जायचो, शाळेत परत मार. “आपा, मी त्यांना पस्तिसाव्या वर्षी भेटते. मला त्यांना तेराव्या वर्षी भेटायचंय.”

मी वीस वर्षं आठवीच्या वर्गावर उर्दू आणि मराठी शिकवते. तेराव्या वर्षीची मुलं मला रोज भेटतात. खरं सांगायचं तर तिचं ते वाक्य मला थोडं झोंबलं.

अर्थात एवढं एकच कारण नव्हतं, आणि ते तिने लपवलंही नाही. केंद्रातली नोकरी दर अकरा महिन्यांनी कागदावर नवीन व्हायची, पगार कधी दोन महिन्यांनी यायचा. रात्रपाळी असायची. दोन स्थळं आली ती “लडकी पागलों को देखती” एवढं ऐकून परत गेली. शिक्षिकेच्या नोकरीला मान आहे, वेळेवर घरी येता येतं, सुट्ट्या आहेत. अशी कारणं सांगायला आपल्याकडे लाज वाटते, फक्त सेवेची भाषा बोलावी असं वाटतं. मला तसं वाटत नाही. पोट आणि मन दोन्ही घेऊनच माणूस नोकरी निवडतो. फक्त त्यातलं दुसरं पूर्ण रिकामं असेल तर वर्गात पहिल्या सहा महिन्यांतच ते दिसतं.

मनाच्या आजारांचं काम करता करता शाळेकडे वळणारी ती काही पहिली नव्हे. मारिया माँटेसरी हे नाव आज प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या तरी बालवाडीच्या पाटीवर दिसतं. त्या मुळात डॉक्टर. 1896 मध्ये पदवी घेतली आणि रोमच्या विद्यापीठातल्या मनोविकार विभागात काम करू लागल्या. तिथे वेड्यांच्या इस्पितळात मोठ्या माणसांबरोबर कोंडलेली मतिमंद म्हटली जाणारी मुलं त्यांनी पाहिली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे असं त्यांना वाटलं. डॉक्टर झालेल्या बाई मग पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून बसल्या आणि शिक्षणशास्त्र, तत्त्वज्ञान शिकल्या. 1907 च्या जानेवारीत रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. 1939 मध्ये त्या भारतात आल्या आणि युद्धामुळे बरीच वर्षं इथेच राहिल्या. त्यांची पद्धत आपल्या मातीत रुजवली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला त्यांनी कामाला सुरुवात केली, आणि महागडी साधनं बाजूला ठेवून झाडाची पानं, बिया, शंख-शिंपले यांवर मुलांना शिकवलं. आपल्या गल्लीतली अंगणवाडी त्याच वाटेवरची.

आणि इतकं लांब तरी कशाला? पुण्यात आप्पा पेंडसे यांनी बुद्धिमत्तेचा अभ्यास करून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि 1962 मध्ये ज्ञानप्रबोधिनी सुरू केली. त्यांची शाळा निगडीलाही आहे, आमच्या परंदवडीहून लोकलने थोड्याच अंतरावर. विचारांचे मतभेद असतील ते असोत, पण मानसशास्त्राचा माणूस शाळा काढतो तेव्हा ‘मूल कसं शिकतं’ हा प्रश्न ‘काय शिकवायचं’ याच्या आधी येतो, एवढं तिथून घेण्यासारखं आहे.

हे सगळं मी त्या संध्याकाळी खालांना सांगितलं नाही, चहा थंड झाला असता. त्यांना मी कागद आणि पेन घेऊन वाट कशी आहे ते सांगितलं. तेच इथे लिहिते, कारण अशी विचारणा करणारी ती एकटी नाही. आपल्या मुली आता मानसशास्त्र घेऊन बी.ए. होतात, आणि पुढे काय हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

बी.एड. आता दोन वर्षांचं आहे, 2015 पासून. प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि पदवीला खुल्या गटात किमान 50 टक्के गुण हवेत. इथवर सोपं. अडचण विषयाची येते. राज्य मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत मानसशास्त्र हा विषयच नाही. तो येतो अकरावी-बारावीला, आणि तिथे शिकवायला एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात. पण किती ज्युनिअर कॉलेजांत मानसशास्त्र आहे? मावळात तर बोटावर मोजावीत. म्हणून शाळेत शिकवायचं तर पदवीला एखादा शालेय विषय सोबत असावा लागतो. हिच्या बी.ए.ला इतिहास होता म्हणून निभावलं. ज्या मुली आत्ता पहिल्या वर्षाला आहेत त्यांनी हे आजच लक्षात ठेवावं: मानसशास्त्र जरूर घ्या, पण सोबत मराठी, उर्दू, इंग्रजी, इतिहास, भूगोल यांतलं काहीतरी सोडू नका. आणि फी भरायच्या आधी, आपल्या पदवीवर कोणती अध्यापन पद्धती मिळेल हे बी.एड. कॉलेजात जाऊन विचारा.

पुढे टीईटी. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा, दोन्ही 150 गुणांचे, खुल्या गटाला 60 टक्के हवेत. त्यातले 30 गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे. म्हणजे समुपदेशक मुलीला पाचवा हिस्सा घरचाच. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पूर्वीसारखं सात वर्षांनी संपत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या भरतीसाठी त्यानंतर वेगळी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. तिथे किती वाट पाहावी लागते ते ज्यांनी पाहिली त्यांना विचारा, मी त्यावर लिहायला बसले तर पानं पुरणार नाहीत.

इथे माझ्या वयाच्या शिक्षक वाचकांसाठी थोडं विषयांतर. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे अशा, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. हे प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टचं. अल्पसंख्याक संस्थांना हा नियम लागू करायचा का, हा प्रश्न मात्र मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. स्टाफरूममध्ये त्या दिवशी जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. केस पिकलेली माणसं ‘पियाजेच्या अवस्था’ पाठ करायला लागली.

ज्यांना शिक्षक न होता शाळेतच मुलांच्या मनाचं काम करायचंय त्यांच्यासाठी आणखी दोन वाटा आहेत. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम, ज्याचं आपल्या भागासाठीचं केंद्र भोपाळला आहे. त्याला नोकरीतले शिक्षकही बसू शकतात. आणि दुसरी वाट विशेष शिक्षणातल्या बी.एड.ची, जिच्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

माझ्या पाहुणीने साधं बी.एड. निवडलं. तिला वर्गच हवा होता.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत काढावे लागतात. योगायोगाने तिला आमचीच शाळा मिळाली. पहिले काही दिवस प्रशिक्षणार्थींना मागे बसून निरीक्षण करायचं असतं. ती माझ्या आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर वही घेऊन बसायची. मला वाटायचं, माझ्या शिकवण्याच्या नोंदी घेतेय. म्हणून मीही जरा जोर लावूनच शिकवत होते.

वर्गात एक मुलगा होता. आधी बडबड्या, नंतर एकदम गप्प झालेला. वह्या अर्धवट, डबा न खाता परत नेणारा, मधल्या सुट्टीत बाकावर डोकं टेकून पडणारा. मी त्याला दोनदा उभं केलं होतं, एकदा वर्गाबाहेरही. “आळशी झालाय, मोबाइल बघत बसतो रात्रभर” हे माझं निदान. वीस वर्षांच्या अनुभवातून केलेलं.

चौथ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये माझ्याजवळ आली. “आपा, त्याच्या घरी काय झालंय?” मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, “तो बाहीने सारखा डावा हात झाकतो. आणि तुम्ही ‘अब्बांची सही आण’ म्हणालात तेव्हा त्याने श्वास रोखला.”

मी चौकशी केली. तीन महिन्यांपूर्वी त्याचे वडील जुन्या हायवेवर अपघातात गेले होते. शाळेत कुणी कळवलं नव्हतं, हजेरीच्या रजेत फक्त ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. आणि मी तीन महिने त्याला अब्बांची सही मागत होते.

त्या रात्री इशाची नमाज झाल्यावर मी बराच वेळ मुसल्यावर बसून राहिले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे जे झालं त्यातून मी समुपदेशक आणि शिक्षक यांतला फरक शिकले, म्हणून ते सांगते. मला वाटलं आता ही त्याला वेगळ्या खोलीत घेऊन बसेल, बोलकं करेल. तिने ते केलं नाही. म्हणाली, “आपा, मी इथे त्याची टीचर आहे. उद्या मीच त्याचा पेपर तपासणार, मीच त्याला नापास करू शकते. त्याच्या मनातलं सगळं मला सांगायला लावणं बरोबर नाही. आपण त्याच्यासाठी माणूस शोधू.” हातावर जखमांच्या खुणा होत्या म्हणून वेळ घालवायचा नाही, असंही तिने सांगितलं. मुख्याध्यापकांना सांगितलं, आईला शाळेत बोलावलं, आणि सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात वेळ घेतली. आई घाबरून म्हणाली, “लोग क्या बोलेंगे?” तर ही म्हणाली, “चाची, लोगों को मत बताव. मगर बच्चे को लेके जाव.” तिने स्वतः वर्गात केलं ते एवढंच: त्याची जागा खिडकीजवळ बदलली, सहीच्या ठिकाणी ‘पालक’ लिहायला मला सांगितलं, आणि रोज फळा पुसायचं काम त्याला दिलं. मी हसले होते त्या फळ्यावर. पण दिवसातून सहा वेळा मुलगा जागेवरून उठतो, सगळ्यांसमोर जातो, काहीतरी पूर्ण करतो. तीन आठवड्यांनी त्याने फळ्यावर माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं. ‘विद्यार्थी’तली एक वेलांटी.

वर्गात शिक्षकाला एक गोष्ट मात्र गुप्त ठेवायची मुभा नाही, आणि ती तिनेच मला नीट समजावली. मुलाने किंवा मुलीने लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं, किंवा आपल्याला तसा संशय आला, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. “कुणाला सांगणार नाही” असं वचन मुलाला कधीच द्यायचं नाही. मी आजवर किती मुलींना ते सहज दिलं असेल!

निम्हान्स संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयातल्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण 7.3 टक्के आढळलं. साठ जणांचा वर्ग धरला तर चार मुलं. माझ्या प्रत्येक वर्गात, दरवर्षी, चार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि त्यात आपलं राज्य सगळ्यात वर. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा, आणि शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. आमच्यासारख्या शाळांना समुपदेशकाचा पगार कुठून येणार, हे त्यात नाही. तोवर ज्या मुली दोन्ही शिकल्यात त्यांना आपल्या संस्थांनी शोधून घ्यावं, असं मला वाटतं. अंजुमनांच्या विश्वस्तांपैकी कुणी हे वाचत असेल तर वाचावं.

आता घरातलं. खाला अजूनही “पागल” शब्द सोडत नाहीत, आणि त्या एकट्या नाहीत. “नमाज पढते नहीं, इसलिए डिप्रेशन आता,” हे मी लग्नात, जनाज्यात, स्टाफरूममध्येसुद्धा ऐकलंय. ज्यांना असं वाटतं त्यांनी हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांना आठवावं. मुलाच्या दुःखात रडून रडून ज्यांचे डोळे पांढरे झाले, ते पैगंबर होते. त्यांच्या इमानात कमी होती का? कुणी म्हणेल, त्यांनी आपलं गाऱ्हाणं फक्त अल्लाहपुढे मांडलं. बरोबर. आपणही ताप आल्यावर दुआ करतो, आणि गोळीही घेतो. प्यारे नबी (स.) यांनी इलाज करायला सांगितलंय, त्यात मनाचा आजार वगळलेला नाही.

आणि हे ज्ञान काही पश्चिमेतून आयात झालेलं नाही. अबू झैद अल-बल्खी हे नाव मला त्या मुलीने सांगितलं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी, आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचे हे आलिम. 934 च्या सुमारास वारले. शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. राग, भीती, उदासी, वसवसा यांवर वेगवेगळी प्रकरणं. ज्या दुःखाचं कारण माहीत आहे ते वेगळं, आणि ज्याचं कारण सापडत नाही ते वेगळं, असंही त्यांनी मांडलं. मदरशांच्या अभ्यासक्रमात हे नाव असतं तर किती आयांची भीती कमी झाली असती.

घरात कुणाला त्रास असेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठी-उर्दू बोलणारं माणूस मिळतं. मुलांसाठी 1098. फ्रिजवर लावून ठेवा. मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलाय, आणि तो पुसायचा नाही हे फळा पुसणाऱ्याला सांगितलंय.

ती आता बी.एड.च्या शेवटच्या सत्रात आहे. दर रविवारी जोहरनंतर टीईटीचा अभ्यास करायला माझ्याकडे येते. बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न दहा मिनिटांत उडवते. मराठी व्याकरणात मात्र अडते. गेल्या रविवारी आम्ही समास घेतले. बहुव्रीही आणि कर्मधारय यांत तिचा अजून गोंधळ होतो, आणि चुकलं की माझ्या आठवीतल्या मुलांसारखीच पेन्सिल चावते. खाला दाराशी बसून सारखं विचारत होत्या, “हुआ क्या नै अभी?”